बोचकी बाहेर ठेवा

दाराबाहेर चपलांच्या रांगेत अकरा बोचकी ठेवलेली दिसली आणि माझं डोकं तिथेच तापलं. त्यावर चहाचं आधण ठेवलं असतं तर अख्ख्या वॉर्डाला पुरलं असतं. आत बेघर पोरापोरींचं सर्जनशील शिबिर होतं आणि मला ढोलकी वाजवायला बोलावलं होतं. शिबिराच्या ताई एवढं रुंद हसत होत्या की त्या हसण्यात दोन रिक्षा आरामात उभ्या राहिल्या असत्या.

"आता विश्वासाचा खेळ! डोळे मिटायचे, मागे पडायचं, गट झेलणार. आणि रेश्मा, सामान बाहेर म्हटलं ना?"

अठरा-एकोणीसची रेश्मा बोचकं पोटाशी धरून उभी होती. "ह्यात माझं आधार कार्ड आहे, ताई. ते गेलं की मी पण गेले."

"बघ, म्हणूनच तर हा खेळ!"

फुटपाथवरची ही पोरं सामान पायाला बांधून झोपतात, तेही एक डोळा उघडा ठेवून. बिनघोर डोळे मिटणं ही दाराला कडी असलेल्यांची चैन. आणि तीन-तीन कुलपांमागे घोरणारे आपण यांना विश्वास शिकवायला निघालोय, वर शिट्ट्या फुंकत! शपथेवर सांगतो, माझी ढोलकीसुद्धा लाजून सैल पडली.

रेश्मा मात्र लाजली नाही. "ठेवते की बाहेर," ती म्हणाली. "तुमची पर्स पण ठेवा शेजारी. मग दोघी मिळून मिटू डोळे."

ताईंचा हात खांद्यावरच्या पर्सकडे गेला आणि तिला घट्ट धरून तिथेच राहिला.