आईच्या ऑपरेशनआधीचं कम्युनियन

आईच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनचा दिवस ठरला, तेव्हा तिने एकच अट घातली. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, फादर घरी येतील आणि आम्ही चौघं एकत्र कम्युनियन घेऊ, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानून दिलेली पवित्र भाकर. चौघं म्हणजे चौघं. माझा धाकटा भाऊ घेणार नसेल तर ती ऑपरेशनला जाणार नाही. तिचा आवाज आधीच बसलेला. हे तिने इतकं हळू सांगितलं की कुणाला तिच्याशी भांडताही येईना.

घोडं अडलं होतं ते भावापाशी. चौऱ्याऐंशी साल असेल. तो चारकोपच्या एका कारखान्यात फिटर होता आणि तिथेच एका खोलीत भरणाऱ्या प्रार्थनेला जायला लागला होता. पुढे मनोरीच्या समुद्रात बुडी मारून त्याने नव्याने बाप्तिस्मा घेतला. बोरिवलीच्या आमच्या गावठाणात ही बातमी त्याचे कपडे वाळायच्या आत पोचली. ‘बिलिव्हर झाला’ असं लोक म्हणत, तेही ‘वाया गेला’ म्हणावं त्या सुरात. आम्ही पिढ्यानपिढ्यांचे कॅथलिक. हा पाळण्यातला बाप्तिस्मा मानेना आणि चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला, मिसेलाही येईना.

त्या आठवड्यात रोज जेवताना ठिणगी पडायची.

“बायबलमध्ये दाखवा ना मला,” भाऊ म्हणायचा. “येशूने एकदाच स्वतःला अर्पण केलं. मग वेदीवर रोज कसलं अर्पण? ती भाकर आठवण म्हणून आहे. आठवण, बस!”

“आणि बायबल काय आभाळातून पडलं रे?” पप्पा घास हातात धरून ओरडायचे. “त्यात कुठली पुस्तकं घ्यायची ते चर्चनेच ठरवलं ना? की तुझ्या त्या खोलीतल्या ब्रदरने?”

“आणि चर्च चुकलं असेल तर?”

“आणि तू चुकला असशील तर?”

आई समोरची पेज नुसती ढवळत बसायची. मला दोघांचाही संताप यायचा. हिला घोटभर पेज गिळता येत नाही आणि या दोघांना कोण बरोबर ते ठरवायचंय!

शनिवारी मी भावाला विहिरीपाशी गाठलं. “तुझ्यासाठी ती साधी भाकर आहे ना? मग खा ना यार! जिभेवर ठेव, गीळ, विषय संपला. आई ऑपरेशनला तरी जाईल.”

“माझ्यासाठी आठवण आहे गं. पण तुमच्यासाठी तर तो स्वतः येशू आहे ना? मग तू मला त्याच्याशी खोटं वागायला सांगतेस?”

“मी तुला आईला वाचवायला सांगतेय!”

त्याने भरलेली बादली उचलली आणि घराकडे चालू लागला. मला वाटलं, पटलं असावं.

रविवारी मी टेबलावर पांढरा कपडा घातला, क्रूस ठेवला, दोन मेणबत्त्या लावल्या, पाण्याचा पेला ठेवला. पप्पा पेटती मेणबत्ती घेऊन फाटकापाशी उभे राहिले. फादर कम्युनियन घेऊन येतात तेव्हा आमच्यात वाटेत त्यांच्याशी कुणी बोलत नाही, कारण ते येशूला घेऊन चाललेले असतात. शेजारच्या ओट्यावरच्या बायाही मुकाट उठून उभ्या राहिल्या. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आईच्या खाटेशी उभा होता. माझा जीव भांड्यात पडला.

प्रार्थना झाली आणि फादर आधी त्याच्याकडेच वळले. गावभर झालेली गोष्ट त्यांच्या कानावर आली नसेल थोडीच?

“हे ख्रिस्ताचं शरीर आहे, असं तू मानतोस?”

मी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही, फादर.”

“मग मला देता येणार नाही.”

पप्पांच्या हातातली मेणबत्ती कलली आणि मेण त्यांच्या बोटांवर सांडलं. ते जागचे हलले नाहीत. फादर आईकडे वळले, तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले. सगळं संपलं असं मला वाटलं. त्या क्षणी भावाचा गळा धरावा इतका राग आला मला. तो मात्र खाटेशेजारी खाली बसला.

“आई, तू घे गं. माझ्यामुळे तू नको राहू. हात जोडतो.”

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “तू परत येशील असं वाटलेलं,” ती त्या बसक्या आवाजात म्हणाली. “पण खोटं बोलून घेतलं असतंस ना, तर मी देवाला कुठलं तोंड दाखवलं असतं रे? उद्या जाते मी इस्पितळात.”

आणि तिने तोंड उघडलं.

पप्पांचं झाल्यावर फादर माझ्यापुढे आले. दर रविवारी चर्चमध्ये गाणारी मुलगी मी, मला त्यांनी काहीच विचारलं नाही. आई माझ्याकडे बघत होती. “ख्रिस्ताचं शरीर,” फादर म्हणाले. मी डोळे मिटून “आमेन” म्हटलं, म्हणजे ‘हो, मी मानते’. त्या दिवशी आमच्या घरात खोटं बोलले ती मी एकटीच.