पन्नास बुश आणि दहावा प्रश्न

तारीख नऊ ऑक्टोबर, सोमवार. रक्कम सातशे वीस रुपये, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा संख्याशास्त्राचा एक पेपर राहिला होता, त्याची परीक्षा फी. जागा साताऱ्याची, माझ्या मुलीच्या कॉलेजातली फी भरायची खिडकी. हजर मी, मुलगी आणि खिडकीमागचे क्लार्क. मी पैसे आत सरकवले, त्यांनी ते परत बाहेर सरकवले.

"जर्नलवर सही पूर्ण नाही," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारपर्यंत आणा. उशिराचे शंभर जादा पडतील. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

जर्नल म्हणजे वर्षभर घरी सोडवलेल्या गणितांची वही. दहा प्रश्न होते. नऊंवर संख्याशास्त्राच्या मॅडमची सही होती. दहाव्याखाली लाल पेनाने एकच ओळ होती : हे आकडे न मोजता घरी बसून लिहिलेले दिसतात. सही नाही तर परीक्षा नाही, आणि हा पेपर सुटला नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. पोरीचं वर्ष जाणार होतं.

ती ओळ मला जास्त लागली, कारण ते आकडे मी मोजलेले होते. कुपवाडला माझं छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ मशीन. पंपात बसणारे बुश, म्हणजे धातूच्या छोट्या पोकळ नळ्या, आम्ही करतो. बाहेरचा व्यास पंचवीस मिलिमीटर. वर-खाली मिलिमीटरचे शंभरातले पाच भाग चालतात, त्यापुढे नग बाद. दहाव्या प्रश्नात एकाच वस्तूचे पन्नास नग स्वतः मोजून त्यांचा अभ्यास करायचा होता. मुलगी साताऱ्याला हॉस्टेलवर, म्हणून मीच ऑपरेटरकडून पन्नास बुशांचा ट्रे मागवला, मायक्रोमीटरने एकेक मोजला आणि आकडे तिला फोनवर सांगितले. एकही आकडा मनाचा नव्हता.

परतीच्या एसटीत मी हेच पुन्हा पुन्हा म्हणत होतो. कराड गेल्यावर मुलगी म्हणाली, "अब्बा, तुम्ही खोटं लिहिलं असं कोण म्हणतंय? पण हा आलेख बघा."

तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. मधे उंच आणि दोन्ही बाजूंना हळूहळू उतरत जाणारा आकार यायला हवा होता. आमचा आकार भिंतीसारखा होता. दोन्हीकडे शंभरातल्या दोन भागांवर एकदम तुटलेला, पुढे काहीच नाही.

"माल चांगला आहे आपला," मी म्हणालो.

"इतका? केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कुणाची तिन्ही रीडिंग अगदी सारखी आली की सर विचारतात, कुणाच्या वहीतून घेतलीस म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच वर्कशॉपला गेलो. आमचा ऑपरेटर कडेगावकडचा, माझ्याकडे बरीच वर्षं आहे. त्याला विचारलं, तो ट्रे कुठून भरला होतास?

"कुठनं म्हंजे? तयार मालातनं," तो म्हणाला. "आवं मालक, ताईच्या कालेजात जायाचं म्हनल्यावर काय बी कसं देयाचं? एकेक मापून, वेचून दिलाय. पावन्याला आंबं देताना नासकं देता व्हय तुमी?"

मुलगी हसत सुटली. मला हसू आलं नाही. पण त्याचं चुकलं असंही म्हणता येईना. आमच्याकडे कुणाच्या घरी काही पाठवायचं तर वेचूनच पाठवतात. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. आकडे खरे होते, मोजणी खरी होती. फक्त नग निवडलेले होते. मॅडमना निवडलेलं नको होतं.

"परत मोजायचं," मी म्हणालो. "मशीनवरून पडेल तसा दर दहावा नग. बरा असो, वाईट असो."

ऑपरेटरला ते पटेना. "बाद नग बी कालेजात दाखवनार? लाल पेटीतला माल भाईर न्यायचा न्हाई, ह्यो नियम तुमचाच हाय."

"नग नेत नाही, आकडा नेतोय."

"आकड्यानं बी नाव जातंच की."

"काका," मुलगी म्हणाली, "वेचलेल्या नगांनी तर माझं वर्ष जातंय."

तो मशीनकडे वळला. दहावा नग पडला की आपणहून हाक मारू लागला. ती मायक्रोमीटर लावायची, मी शेजारी उभा राहून आकडा पुन्हा वाचायचो. मधे मशीनवर दुसऱ्या आकाराची ऑर्डर लागली आणि आमचं मोजणं थांबलं. गुरुवारी दुपारी वीज गेली. शेवटचे सहा नग शुक्रवारी सकाळी झाले. पंचविसापेक्षा शंभरातल्या पाच भागांहून जास्त मोठे असे तीन नग त्यात निघाले. ऑपरेटरने ते उचलून लाल पेटीत टाकले.

जुम्म्याची नमाज झाल्यावर जेवणाच्या टेबलावर गणित मांडलं. मी बी.कॉम.पर्यंत शिकलेला, सरासरी माझ्या पद्धतीने काढली. पंचवीस धरून चालायचं आणि फक्त वरचे-खालचे फरक मिळवायचे. तिने कॅल्क्युलेटरवर काढली. दोघांची जुळली : पंचवीस पूर्णांक शून्य दोन. मग आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते काढायचं होतं, आणि तिथे आमचं अडलं.

"एकोणपन्नासने भागायचं," ती म्हणाली.

"नग पन्नास आहेत. एक कुठे गेला?"

"कुठे गेला नाही. सरासरी आपण ह्याच आकड्यांतून काढली ना? मग एकोणपन्नास फरक कळले की शेवटचा आपोआप ठरतो. तो नवीन काही सांगत नाही."

मला पटायला वेळ लागला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "पगाराच्या पाकिटातले सगळे खर्च सांगितले की शिल्लक वेगळी विचारावी लागते का? तसंच असेल. आता वह्या उचला, ताटं मांडायची आहेत."

तसंच होतं. मी एकोणपन्नासने भागलं. पसारा शून्य पूर्णांक शून्य दोन आला.

पुढचं तिने एकटीने केलं, मी फक्त बघत होतो. पंचवीस पूर्णांक शून्य पाचची हद्द सरासरीपासून दीडपट पसाऱ्यावर पडत होती. तिने पुस्तकामागच्या कोष्टकात बोट फिरवलं. त्या हद्दीपलीकडे शंभरात साधारण सात नग जायला हवेत, म्हणजे पन्नासात तीन पूर्णांक तीन.

"तीन निघाले होते," मी म्हणालो.

"हो अब्बा."

लाल पेटी तिच्या पुस्तकाने पाहिलेली नव्हती. मी कोष्टक परत एकदा स्वतः वाचून पाहिलं. आकडा तोच होता.

शेवटी एक परीक्षण राहिलं होतं : मालाची सरासरी पंचवीसच आहे असं म्हणता येईल का? उत्तर सात पूर्णांक एक आलं. दोनच्या पुढे गेलं की 'नाही' म्हणायचं असतं. म्हणजे मशीन मोठंच कापत होतं. टूलची धार गेली होती आणि आम्ही दर शंभरात सहा-सात नग लाल पेटीत टाकून पुढे जात होतो. "निष्कर्षात हे लिहू?" तिने विचारलं. मी म्हणालो, लिही. पहिला ट्रे वेचलेला होता हेही लिही, आणि का वेचला तेही.

सोमवारी साताऱ्याला मॅडमनी दहावा प्रश्न उभ्यानेच वाचला. दोन्ही आलेख शेजारी धरले. "पहिला खोडू नकोस," त्या मुलीला म्हणाल्या, "असू दे." मग मला विचारलं, "टूल बदललं का?"

"आज संध्याकाळी बदलतो," मी म्हणालो.

त्यांनी सही केली आणि लाल ओळीवर आडवी रेघ मारली.

खिडकीवर क्लार्क तेच होते. सातशे वीस आणि उशिराचे शंभर, एकूण आठशे वीस रुपये त्यांना दिले, पावती मुलीच्या नावाची घेतली. सांगलीत उतरल्यावर टूलच्या दुकानदाराला नव्या टूलचे चारशे साठ दिले. ते माझ्या वर्कशॉपच्या खर्चात धरले.