रामा की चिंतामणी

मला प्लास्टिकची लढाऊ विमानं जोडायचा नाद आहे. खराडीतल्या ऑफिसात आठवडाभर नको ती कामं करतो आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून हवं ते करतो. बाहेरच्या रंगात थोडं इकडेतिकडे चालतं, खरी विमानंही उन्हापावसात विटतातच. कॉकपिटचं तसं नाही. अंगठ्याच्या नखाएवढी जागा, वर काच बसली की आतलं धड दिसतही नाही, आणि नेमक्या त्याच रंगावरून जगभरचे छांदिष्ट एकमेकांच्या उरावर बसतात. मीही बसतो.

जुन्या रशियन मिगचं कॉकपिट आतून हिरवट-निळं असायचं. पण हिरवट किती आणि निळं किती? इंटरनेटवर विचारलं तर दहा जणांची बारा मतं. शेवटी मी बऱ्याच डब्या आणून पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठिपके काढले. बायकोने मेथी निवडता निवडता एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा रामा. मावशीच्या लग्नात मला याच रंगाचं परकर-पोलकं होतं. पण आत बसणार कोण आहे?"

माझ्या पुस्तकांचाही कौल त्याच ठिपक्याला होता, फक्त त्यांत परकराचा उल्लेख नव्हता.

तरी म्हटलं, घरात साक्षीदार असताना पुस्तकं कशाला? माझे सासरे वायुदलात फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मिगच्या कॉकपिटमध्ये डोकं खुपसून काढली. सासूबाई गेल्यापासून ते विश्रांतवाडीत एकटे राहतात. पुठ्ठा घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"हा नव्हे," रामावर बोट ठेवून ते म्हणाले.

"बाबा, पुस्तकात तर हाच..."

"पुस्तक लिहिणारा आत बसला होता का? मी बसलो होतो. निळा वाढवा."

वाढवला. पुढच्या रविवारी म्हणाले, अजून. त्याच्या पुढच्या रविवारीही, अजून. शेवटी बायकोला राहवेना. "बाबा, आता हा चिंतामणी झाला!" चिंतामणी म्हणजे साड्यांतला ठसठशीत निळा.

"मग झाला तर झाला. रशियनांना काय साडी नेसायची होती?"

परत येताना गाडीत बायको एकेक गोष्ट आठवून सांगू लागली. अलीकडे बाबांच्या एका पायात काळा मोजा असायचा आणि दुसऱ्यात निळा. समोरच्या शेजाऱ्यांना ओळख न देता ते पुढे निघून गेले होते. "ते विसरायला लागलेत रे," ती म्हणाली. "आता त्यांना आपल्याकडेच आणायचं." तिने खराडीच्या फ्लॅटमधली खोली रिकामी करायला घेतली. मला भरून आलं, आणि माझं रंगकाम त्याच खोलीत हलवायचा बेत बुडाला याचंही वाईट वाटलं.

बाबांना सगळा सुगावा होता. एकदा बायको खाली भाजी आणायला गेली असताना ते म्हणाले, "मला खराडीला न्यायचं घाटतंय ना? बाराव्या मजल्यावर बसून मी करू काय? खाली बघू?" मग आवाज उतरला. "जावईबापू, खरं सांगा. तो रंगसुद्धा मी विसरलो असेन, तर माझ्याकडे उरलं काय?"

मी घरी आलो, संदर्भपुस्तकं कपाटात पालथी ठेवली आणि कॉकपिटला चिंतामणी फासला.

तयार विमान हातात घेऊन बाबा बराच वेळ न्याहाळत राहिले. रंग पसंत पडला, पण घड्याळं-काटे दिसेनात. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी दोन्ही डोळे तपासले आणि कपाळाला हात लावला. "आजोबा, मोतीबिंदू पार पिकलाय. इतके दिवस करत काय होतात?"

"रंग निवडत होतो," बाबा म्हणाले.

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरं वाटू लागल्यावर त्यांनी फोन करून विमान मागवून घेतलं. हातात धरलं आणि भडकलेच.

"काय उजेड पाडलात हा? कॉकपिट आहे की शाळेचा गणवेश?"

"बाबा, तुम्हीच सांगितलंत!"

त्यांनी ऑपरेशन झालेला डोळा हाताने झाकला. "आता बरोबर दिसतोय." मग दुसरा झाकला. "आता चूक." पुन्हा हा, पुन्हा तो. बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. मोतीबिंदूत निळा रंग मरतो, सगळं पिवळट दिसतं, असं बाईंनी सांगितलं होतं. त्याचा अर्थ आमच्या डोक्यात आत्ता शिरला. बाबांना मिगचा रंग पक्का आठवत होता. तो त्या पिवळ्या पडद्यातून दिसावा म्हणून आम्ही महिनाभर निळा ओतत बसलो होतो.

"तो पुठ्ठा आणलाय?" त्यांनी विचारलं. मी पुढे केला. जुना डोळा झाकून त्यांनी क्षणाचाही विचार न करता रामावर बोट टेकवलं.

"हा. पहिल्यापासून हाच होता."

बायकोने ट्रे खाली ठेवला आणि ती ढसाढसा रडायला लागली. मध्येच हसतही होती. "बाबा," नाक पुसत ती म्हणाली, "खराडीचं राहू द्या."

"राहू द्या काय? मी येत कुठे होतो?" बाबा म्हणाले. "मोती डोळ्यात होता, डोक्यात नव्हे."