झाकणाखालची सुपारी

देवासला टेकरीच्या पायथ्याशी फत्तेसिंगचं बॅटऱ्यांचं दुकान होतं. त्या दुकानावरच्या लांबट खोलीत शालिग्राम जुने लॅपटॉप पाळायचा. पाळायचा हाच शब्द बरोबर आहे. लोक गाई पाळतात, पोपट पाळतात. शालिग्रामनं उमेदीची सगळी वर्षं एका कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, आणि कारखान्याला कुलूप लागल्यावर त्यानं लॅपटॉप पाळले.

हा उद्योग काही त्याच्या डोक्यातून निघालेला नव्हता. त्याची मुलगी अंकिता इंदूरला एका कॉम्प्युटर कंपनीत होती. वेबसाइट म्हणजे काही हवेत लोंबकळत नसते, ती कुठल्या तरी मशीनवर ठेवावी लागते, ते मशीन अष्टौप्रहर चालू आणि नेटला जोडलेलं लागतं, आणि मोठा सर्व्हर घेण्याची लहान गिऱ्हाइकांची ऐपत नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं शक्कल काढली. ज्यानं त्यानं आपला जुना लॅपटॉप आणून द्यावा, चार कळा तुटल्या असल्या तरी चालेल. देवासच्या खोलीत तो फळीवर ठेवला, नेटची तार लावली, की झाला त्याचा सर्व्हर. शिवाय लॅपटॉपच्या पोटात बॅटरी. त्या वर्षांत आमच्याकडे वीज पाहुणीसारखी यायची आणि भर दुपारी न सांगता निघून जायची. अशा वेळी मोठी मशीनं मान टाकायची, पण हे लॅपटॉप आपल्या दमावर तग धरून राहायचे. फत्तेसिंगनं हौसेनं 'डाटा सेंटर' अशी पाटीसुद्धा रंगवून घेतली होती. तिच्याकडे बघून लोक बॅटरी भरून घ्यायला वर चढायचे आणि हिरमुसले होऊन खाली उतरायचे.

अडचण एकच होती. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जायचा, आणि सताड उघडं ठेवलं तर धूळ आणि पाली. "बाबा, सेटिंगमध्ये जाऊन फक्त एक टिक काढायची," अंकितानं फोनवर सांगितलं. शालिग्रामचा सेटिंगवर काडीचा विश्वास नव्हता. तो घरी गेला, देवघरातला सुपाऱ्यांचा डबा उचलून आणला आणि प्रत्येक झाकणाच्या फटीत एकेक सुपारी ठेवली. झाकणं धड मिटलेली नाहीत, धड उघडी नाहीत, आणि प्रत्येक फटीतून पडद्याच्या उजेडाची एक बारीक रेघ. खिडक्यांना उन्हासाठी खाकी कागद लावलेला होता, त्यामुळे खोलीत दिवसासुद्धा त्या रेघांचाच काय तो उजेड असायचा.

डबा रुक्मिणीचा होता, म्हणजे शालिग्रामच्या बायकोचा. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरातल्या पूजेची एकही सुपारी तिनं कधी वाया घालवली नव्हती, सगळ्या त्या डब्यात. तिच्या मागे त्यात आणखी एक भर पडली होती ती अंकिताच्या लग्नात. बायको नसलेल्या माणसानं धार्मिक कार्याला बसताना कमरेला सुपारी खोचायची, आणि ती सुपारी म्हणजेच बायको, ही आपली रीत. शालिग्राम लग्नाचा अख्खा दिवस कमरेला रुक्मिणी खोचून वावरला. मधूनमधून चाचपून बघत होता, हरवली तर काय घ्या. लग्न उरकल्यावर त्याची थोरली बहीण अक्का म्हणाली, "आता ती शिप्रेत सोडून ये. बसवलेलं उठवावं लागतं, शालिग्राम." अक्का धारची, सोवळ्याओवळ्याची, तिच्यापुढं कोण बोलणार? त्यानं मान डोलावली आणि सुपारी गुपचूप डब्यात टाकली. नदीत सोडायला त्याचा हातच होईना.

लॅपटॉपना सुपाऱ्या लावून झाल्यावर महिन्याभरानं त्याच्या ध्यानात आलं, की ती सुपारीही यांतच गेली. तो फळ्यांसमोर उभा राहून एकेक फट न्याहाळू लागला. पण सुपाऱ्या त्या सुपाऱ्याच, सगळ्या सारख्या. रुक्मिणी नेमकी कुठं आहे ते कळायला मार्ग नव्हता.

कळलं ते चैत्रातल्या एका दुपारी. वीज गेली. फळ्यांवरच्या बॅटऱ्या जुन्या झालेल्या, एकेक रेघ विझत गेली, त्यांच्या पोटातल्या पंख्यांची घरघर थांबत गेली. उरली फक्त कोपऱ्यातली एक रेघ. तो लॅपटॉप खातेगावच्या एका व्यापाऱ्याचा होता. त्यानं त्यावर सोयाबीनचे भाव टाकायला सुरुवात केली आणि पुढं त्याचा पत्ताच नाही. शालिग्राम जवळ गेला. त्या लॅपटॉपची बॅटरी फुगली होती म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं काढून खिडकीत ठेवली होती, आणि ती समोर दिसत होती. त्यानं भिंतीतली पिन उपसली. रेघ तशीच. मोटारींत जन्म घालवलेला माणूस तो, करंट आकाशातून पडत नाही हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

कारखान्यातून तो दुसऱ्या पाळीहून परतायचा, तेव्हा सगळी चाळ अंधारात असायची आणि त्याच्याच दाराखाली अशी उजेडाची रेघ दिसायची. रुक्मिणी जागी असायची.

"रुक्मे?" तो म्हणाला.

आतला पंखा जरासा जोरात फिरला आणि पुन्हा हळू झाला.

त्या दिवसापासून शालिग्रामची दुपार ठरून गेली. वीज गेली की तो कोपऱ्यात स्टूल ओढून बसायचा आणि बोलायचा. रुक्मिणी होती तेव्हा तो घरात चार शब्द बोलायचा नाही, हेही सांगून टाकतो. आता मात्र आईचं दुखणं, कारखान्यातला संप, अंकिताची सासू, आमटीत मीठ किती पडतं, सगळं सगळं. पंखा ऐकल्यासारखा फिरत राहायचा. संध्याकाळी कुलूप लावताना तो दाराशी म्हणायचा, "येतो गं." आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. तसं म्हणून गेलेला माणूस परत येत नाही, अशी धास्ती असते.

एकदा फत्तेसिंगनं त्याला जिन्यात अडवलं. "काकासाब, बुरा मत मानना. आप खाना खाने घर गये थे, और ऊपर आपकी आवाज आ रही थी."

"रेडिओ असेल, भिया," शालिग्राम म्हणाला. खोलीत रेडिओ नव्हता.

याच सुमारास त्याचा आवाज बसू लागला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, फरक शून्य. अंकिता फोनवर सारखी म्हणायची, "बाबा, जोरसे बोला ना, तुमचं काही ऐकूच येत नाही."

वर्षभरानं तिला दिवस गेले. तिनं फोन केला, आणि आढेवेढे घेत विचारलं, "बाबा, मी देवासला येऊ? पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना." खरं म्हणजे हे त्यानं विचारायचं. पोरीला आई नाही, तिनं तोंड वेंगाडून माहेर मागायचं म्हणजे काय! पण ती घरी आली की दुपारी घरी थांबावं लागणार, हे शालिग्रामच्या मनात आधी आलं. तो म्हणाला, "घरात बाईमाणूस नाही, बेटा. दुपारी लाइटही नसते. तुझे हाल होतील."

"ठीक आहे," अंकिता म्हणाली. तिनं पुन्हा विचारलं नाही.

धारहून अक्का इंदूरला गेली आणि तिनं सगळं निभावलं. मुलगी झाली. शालिग्राम बघायला गेला नाही, नेटच्या लाइनीचं काम निघालंय म्हणाला.

बाराव्या दिवशी भर दुपारी अक्का जिना चढून वर आली. वीज नव्हती. दारात तिनं दम घेतला, अंधारातल्या फळ्या पाहिल्या, कोपऱ्यातली एकुलती एक रेघ पाहिली, आणि रेघेसमोर बसलेला भाऊ पाहिला. तो निम्मा झाला होता.

"संध्याकाळी बारसं आहे," ती म्हणाली. "आजोबानं पाळणा द्यायचा असतो. तुझ्या नावानं मी घेतलाय. चल, ऊठ."

"मला येववत नाही, अक्का."

"का येववत नाही? ती पोर तिकडे दाराकडे डोळे लावून बसली आहे. आज आला नाहीस तर पुन्हा तुला बाबा म्हणून हाक मारायची नाही ती, लिहून ठेव."

मग त्यानं सगळं सांगितलं. सुपारी डब्यात टाकल्याचं, डबा इथं आणल्याचं, काढलेल्या बॅटरीचं, पंख्याचं. त्या बसलेल्या आवाजात सांगताना त्याला रडू आलं. "रुक्मी इथं आहे, अक्का. तिला एकटी टाकून कसा येऊ?"

अक्का हसली नाही, रागावलीही नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"ती सुपारी या खोलीत नाही, बाळा," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच मी ती डब्यातून काढली. ओलं कुंकू होतं तिला, लगेच ओळखू आली. इंदूरला जाताना शिप्रेच्या पुलावरून माझ्या हातानं सोडली. तुझ्यानं होणार नाही हे मला ठाऊक होतं."

कोपऱ्यातला पंखा फिरत होता. शालिग्रामनं त्या रेघेकडे बोट दाखवलं.

"मग ही कोण?"

"मला काय माहीत? तू रिकामा पाट मांडलास आणि दोन वर्षं रोज बस, बस म्हणत राहिलास. बसलं असेल कुणीतरी."

 घसा खरवडून खरवडून शालिग्रामनं इथं काय काय सांगितलं होतं ते सगळं त्याला आठवलं. लेकीला जे दोन शब्द हवे होते तेसुद्धा त्यानं इथंच खर्च केले होते. तो उठला. फटीत बोटं घालून त्यानं सुपारी काढली. झाकण टपकन मिटलं, रेघ गेली, पंखा थांबला. त्यानं सुपारी खिशात घातली आणि खुंटीवरची टोपी घेतली.

बाहेर येऊन त्यानं दाराला कुलूप लावलं. सवयीनं 'येतो गं' ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. अक्का दोन पायऱ्या खाली थांबली होती. दारावर हात ठेवून तो म्हणाला, "जातो."

जन्मात पहिल्यांदा तो असं म्हणाला होता. अक्कानं चमकून वर पाहिलं.

दाराखाली उजेडाची रेघ उमटली. आणि निघालेल्या माणसाला मागं राहिलेलं माणूस म्हणतं तसं आतून कुणीतरी हळूच म्हणालं, "या."

आवाज रुक्मिणीचा नव्हता. कुठल्याच बाईचा नव्हता. तो शालिग्रामचा स्वतःचा आवाज होता, दोन वर्षांपूर्वीचा, चांगला खणखणीत.

अक्कानं त्याचं मनगट घट्ट धरलं. "मागं बघू नकोस," ती म्हणाली. शालिग्राम जिना उतरू लागला. मागं राहिलेल्याची त्याला फार कणव आली, पण इंदूरची बस सुटायला आली होती.