खिडकीवालीची जागा

व्हॅनकाका म्हणजे एक नंबरचा खवीस माणूस. बावीस वर्षं रोज अकरा पोरं कोंबून शाळेत पोचवणाऱ्याची जीभ गोड राहणार तरी कशी म्हणा! पोरांची नावं त्यानं कधी विचारली नाहीत. बसायच्या जागेवरून हाक मारायची: दारवाली, मागचा कोपरा, ओकारीवाला. काकाच्याच इमारतीतली, तिसऱ्या मजल्यावरची आठ वर्षांची पोरगी ती खिडकीवाली. तिचे नि काकाचे रोज खटके उडायचे.

टाळेबंदी लागली, शाळा मोबाइलमध्ये शिरली आणि व्हॅन इमारतीच्या आवारात धूळ खात पडली. बॅटरी उतरू नये म्हणून काका रोज सात-दहाला ती सुरू करायचा आणि सवयीनं हात हॉर्नवर जायचा. चांगला तीनदा!

"शाळा बंद आहे, कळतं का?" सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीतून खेकसायचे.

"मला कळतं हो, बॅटरीला कोण सांगणार?"

एकदा खिडकीवालीची आई तोंडाला मास्क लावून खाली आली. काकाला वाटलं, हीसुद्धा भांडायलाच आली.

"काका, पोरगी दीड महिना तोंडातून शब्द काढत नाही. बाईंनी हजेरीत नाव घेतलं तरी मोबाइलसमोर नुसती दगडासारखी बसते. तुमचा हॉर्न वाजला की तेवढी उठून खिडकीशी येते."

"मग मी काय डॉक्टर आहे?" काका गुरगुरला.

पण दुसऱ्या दिवशी मान वर करून ओरडलाच, "ए खिडकीवाली! केस विंचर, भुतासारखी दिसतेस!"

खिडकी धाडकन बंद. तिसऱ्या दिवशी पोरीनं जीभ दाखवली. चौथ्या दिवशीही जीभच. शब्द काही फुटेना. तेवढ्यात सेक्रेटरींनी फर्मान काढलं: उद्या दहा वाजता गाडी फाटकाबाहेर, हॉर्न बंद.

हातात एकच सकाळ उरली. काकानं हॉर्न दाबला आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा गरजला, "ए, तुझी जागा मी दारवालीला देऊन टाकली!"

 लगेच वरून अशी काही आग बरसली म्हणून सांगू!

"ती माझी जागा आहे! कुणाला बसवलंत तर चारही चाकांची हवा सोडीन!"

"कोण बोंबलतंय ते?" सेक्रेटरी कडाडले.

"मी! तुम्ही मध्ये तोंड घालू नका!" पोरगी खिडकीतून ओरडली.

काका खाली मान घालून उगाच आरसा पुसत राहिला.

दहा वाजता सेक्रेटरींनी उभं राहून व्हॅन बाहेर काढायला लावली आणि तणतणत तिसरा मजला गाठला. दार उघडताच सुरू झाले, "पोरीला काही वळण? मोठ्या माणसाशी काय वाट्टेल ते बोलते!"

आईनं पदरानं डोळे टिपले.

"बोलली ना? भाऊ, सगळं परत सांगा हो. नेमकं काय काय म्हणाली?"