थर्मासमधलं गरम पाणी

रुग्णसेवा माणसाला थोर करते. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. नववीची परीक्षा संपल्यानंतरच्या सुट्टीत मी स्वतः सव्वा महिना थोर होतो. आमच्या इमारतीतल्या आया मुलांना दटावताना माझं उदाहरण देत. "शिका जरा त्याच्याकडून," असं ज्यांना सांगितलं जाई, ती मुलं माझ्याशी बोलणं सोडून देत. थोरपणाचा हा नेहमीचाच तोटा.

परळ-लालबागच्या घरांची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. मोठी इस्पितळं आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे कोकणातल्या आमच्या गावात कुणाचं काहीही दुखलं, तरी ते दुखणं तांदळाची पिशवी, कोकमं आणि एक्स-रे घेऊन आमच्या एका खोलीत उतरतं. दर मे महिन्यात आम्ही गावी जायचो. त्या वर्षी गावच आमच्याकडे आला.

आले ते वडिलांचे सगळ्यात मोठे काका. त्यांना सगळा गाव 'थोरले' म्हणे, म्हणून आम्हीही. देवळातला पहिला नारळ त्यांचा, पालखीला पहिला खांदा त्यांचा आणि गावातल्या कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द त्यांचा. तरुणपणी त्यांनी बिबट्याला नुसत्या काठीने हाकललं होतं. ही गोष्ट ते दरवर्षी सांगत आणि बिबट्या दरवर्षी थोडा वाढलेला असे. आता त्यांना हर्निया झाला होता. ऑपरेशनचं नाव काढल्यावर ते म्हणाले, "कापा खंयसून कापूचा ता. माका कसला भय?" गॅलरीत उभ्या असलेल्या शेजाऱ्यांनी माना डोलावल्या.

ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा साखर निघाली, आणि ती बरीच होती. सत्तर वर्षांत ती कुणी मोजलीच नव्हती. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर ताब्यात आल्याशिवाय भूल देता येणार नाही, आणि ह्यांना गावी पाठवलं तर हे परत येणार नाहीत. माणूस त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखला होता. थोरले वॉर्डात दाखल झाले.

एका पेशंटमागे एकच पास. आई-वडील नोकरीवर, आणि फोनवरून सल्ला देण्याचं खातं डोंबिवलीच्या काकांकडे. राहिलो मी. इमारतीच्या अंडरआर्म क्रिकेटच्या मॅचेस सुरू होणार होत्या आणि समोरच्या खोलीतल्या माझ्या मित्राने आमची जोडी सलामीला लावून घेतली होती. पहिल्या दिवशी मी इतका रडवेला होऊन इस्पितळात गेलो, की थोरल्यांना वाटलं मला त्यांची काळजी लागली आहे.

दुसऱ्या दिवशी पंख्याचं भांडण झालं. थोरल्यांच्या शेजारच्या खाटेवर माझगावचे एक आजोबा होते. गोदीत तीस वर्षं क्रेन चालवलेले, पोटाचं ऑपरेशन होऊन जखम भरायची वाट बघणारे. दोन खाटांच्या मध्ये वर एक पंखा. क्रेनवाल्या आजोबांना तो पाचवर हवा, थोरल्यांना बंद. दोघेही एकमेकांशी थेट बोलत नसत. छताला उद्देशून बोलत. शेवटी मी रेग्युलेटरपाशी गेलो, तर तिथे आधीच एक मुलगी उभी. क्रेनवाल्या आजोबांची नात, माझ्याच वयाची, केसांना रबरबँडऐवजी बॉलपेन लावलेलं.

"एकवर ठेवू?" मी म्हणालो.

"एकवर तो फिरत नाही. नुसता आवाज करतो."

"मग दोन?"

"दोन चालेल. पण माझ्या आजोबांना मी तीन सांगणार आहे. तू तुझ्या आजोबांना एक सांग."

इतकी स्वच्छ मुत्सद्देगिरी मी तोवर पाहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी मी वेळेआधी अर्धा तास इस्पितळात हजर होतो. माझ्या थोरपणाची सुरुवात इथून झाली.

दुपारी दोन्ही म्हातारे झोपले की आम्ही खाली जायचो. फाटकासमोर रसवंती होती, घुंगरं बांधलेल्या चरकाची. अर्धा अर्धा ग्लास रस आणि बाकावर वीस मिनिटं. ती मला गोदीतल्या गोष्टी सांगे, मी तिला बिबट्या सांगितला. तिने विचारलं, बिबट्या किती मोठा होता. मी म्हणालो, कुठल्या वर्षीचा? ती इतकी हसली की रसवाल्याने चरक थांबवला. त्या हसण्यावर मी पुढचे दोन दिवस काढले.

अशाच एका दुपारी मी वर आलो तर थोरले जागे होते. त्यांनी माझ्या शर्टाचा वास घेतला.

"रस प्यालंस?"

मी हो म्हणालो.

"झिला, ऊस म्हणजे शेवटी गवात. गवतान कोणाचा काय वायट झाला?" आणि मग, थर्मासकडे न बघता, "गरम पाणी सपला वाटता."

थोरल्यांना प्यायला गरम पाणी लागे म्हणून आईने थर्मास दिला होता. मी तो घेऊन खाली गेलो आणि दोन ग्लास रस भरून आणला. चार वाजता नर्सने त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर बघितली आणि भुवया उंचावल्या. सोमवारी ठरलेलं ऑपरेशन पुढच्या सोमवारवर गेलं. थोरले कपाळाला हात लावून म्हणाले, "देवाची इच्छा." त्या रात्री त्यांनी शांत झोप घेतली, असं सकाळी नर्स म्हणाली. मीही चांगला झोपलो होतो.

कारण सरळ होतं. ऑपरेशन झालं की थोरले घरी येणार, पास परत जाणार आणि मला वॉर्डात जायचं कारण उरणार नाही. तिच्या आजोबांची जखम माझ्या हातात नव्हती. थोरल्यांची साखर होती. आमच्यात याबद्दल कधी काही ठरलं नाही. त्यांनी भीतीचं नाव काढलं नाही, मी मुलीचं काढलं नाही. रोज तीन वाजता गरम पाणी संपे, एवढंच. दुसरा सोमवार गेला, तिसरा गेला. डॉक्टरीणबाई इन्सुलिनचा डोस वाढवत राहिल्या. शेवटचा त्यांनी एका गुरुवारी वाढवला, तेव्हा चार्टकडे बघत स्वतःशीच पुटपुटल्या, "नक्की होतंय काय?" मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे भिंत होती.

घरी माझी कीर्ती वाढत होती. तळमजल्यावरच्या आजींनी मला श्रावणबाळ म्हटलं. फक्त आईने एकदा थर्मास विसळताना विचारलं की गरम पाण्याला मुंग्या कशा लागतात. मी म्हणालो, इस्पितळात मुंग्या फार आहेत. तिने माझ्याकडे नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघितलं.

त्याच गुरुवारी रसवंतीच्या बाकावर मुलगी म्हणाली, "उद्या आजोबांजवळ आत्या बसणार आहे. मी घरीच आहे. तू माझगाव बघितलंयस?" हे तिने अशा सुरात विचारलं, जणू तिथे जायला व्हिसा लागतो. मी म्हणालो, नाही, आणि फार इच्छा आहे.

मित्राला मी एक दिवस वॉर्डात बसायची गळ घातली. तो म्हणाला, उद्या मॅच आहे. मी म्हणालो, सेवा आहे. "कोणाची?" त्याने विचारलं. तरी तो आला, कारण तो तसा होता. मी त्याला सगळं समजावलं: बाराला डबा, पंखा दोनवर, पाणी मागितलं की थर्मास. रसाचं सांगितलं नाही. तो हसेल की चिडेल याचा अंदाज येईना, म्हणून गाळलं.

माझगावच्या टेकडीवर एक बाग आहे. तिथून गोदी दिसते. तिने हात लांब करून आजोबांची क्रेन दाखवली. मला तिथल्या सगळ्या क्रेन सारख्याच दिसत होत्या, आणि माझा दाट संशय आहे की तिलाही. तरी मी म्हणालो, "हां, दिसली." उतरताना पायऱ्यांवर तिने माझा हात धरला आणि पायऱ्या संपल्यावर सोडायला विसरली. पुढे मी बरंच प्रेम वाचलं, थोडं केलंही. पण त्या रस्त्याइतकं सपाट आणि सुंदर काही चाललो नाही.

बसने मी पाच वाजता इस्पितळात परतलो. वॉर्डात थोरल्यांच्या हाताला सलाईन होतं आणि मित्र भिंतीला पाठ लावून उभा होता, थर्मास दोन्ही हातांनी छातीशी धरून.

झालं ते असं. तीन वाजता थोरल्यांनी पाणी संपल्याचं सांगितलं. मित्राने कॅन्टीनमधून उकळतं पाणी आणलं. थोरल्यांनी एक घोट घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि कूस बदलली. मानकऱ्याने पोराकडे रस मागायचा कसा? वाढवलेलं इन्सुलिन मात्र दुपारीच दिलेलं होतं. चारच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि ते बिबट्याशी बोलू लागले. मित्राला वाटलं, गोष्ट सांगतायत. तो ऐकत बसला.

उठले ते क्रेनवाले आजोबा. पोटावर टाके असताना उठून बसले आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "सिस्टर, साखर द्या त्याला. रोज रस पितो तो. आज ह्या पोराने पाणी पाजलंय."

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पंख्यावरून महिनाभर वैर धरलेल्या माणसाने एवढी एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मला खाटेच्या पायाशी उभं केलं. किती ग्लास, कधीपासून, रोज का, हे विचारलं. मी म्हणालो, रविवारी नाही, रविवारी आई बसते. त्यांनी चार्टवरचे रविवार बघितले आणि कागद खाली ठेवला.

"तो माणूस मेला असता," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

थोरले डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलेत.

"पोराक बोलू नका," ते म्हणाले. "मीच मागलंय. माका भय वाटता."

मग शेजारच्या खाटेवरून क्रेनवाले आजोबा छताकडे बघत म्हणाले, "मलाही वाटलं होतं. आत नेईपर्यंतच वाटतं."

त्या दोघांचं हे पहिलं संभाषण.

खाली फाटकापर्यंत मित्र माझ्याबरोबर चालत आला. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "तासभर मला वाटत होतं, मी मारलं त्याला. तो तास तुझा होता, माझा नव्हता." आणि निघून गेला. आठ दिवस बोलला नाही. ती मॅच आमची टीम हरली होती, सलामीला आम्ही दोघंही नसल्यामुळे. त्याबद्दल मात्र त्याने कधीच काही म्हटलं नाही.

मुलीला दुसऱ्या दिवशी कळलं. रसवंतीच्या बाकावर ती बसली नाही, उभीच राहिली.

"तुला माहीत होतं त्यांना डायबेटिस आहे?"

"हो."

"मग?"

थोरल्यांनी एवढ्या लोकांसमोर खरं सांगितल्यावर मला खोटं बोलवेना. "ऑपरेशन झालं की ते घरी जाणार," मी म्हणालो. "मग तू कुठे भेटणार?"

तिला समजायला थोडा वेळ लागला. चेहऱ्यावर आधी राग होता, मग काही तरी दुसरं, आणि मग पुन्हा राग.

"माझा नंबर मागायचास ना," ती म्हणाली. "मी दिला असता."

हे मला खरोखरच सुचलं नव्हतं. माझ्याकडे फोन नव्हता, हे माझं कारण. पण आईकडे होता, वडिलांकडे होता, इमारतीत निदान शंभर होते. तिने बॉलपेन केसांतून काढलं, माझ्या पासच्या मागे नंबर लिहिला आणि वर गेली. तीन दिवसांनी तिच्या आजोबांना घरी सोडलं. जाताना ते थोरल्यांच्या खाटेपाशी थांबले आणि पंखा बंद करून गेले.

आईच्या फोनवरून मी तिला पाच-सहा वेळा फोन केला. दर वेळी आधी पाच मिनिटं तिच्या आजोबांना थोरल्यांची साखर सांगावी लागे. तिच्याशी बोलायची वेळ येई तेव्हा आईला फोन हवा असे. जूनमध्ये आम्हा दोघांचे दहावीचे क्लास सुरू झाले आणि ते प्रकरण वेळापत्रकात विरून गेलं.

थोरल्यांची साखर रस थांबल्यावर आठवड्याभरात खाली आली. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी वडिलांना एवढंच सांगितलं की मधे पथ्य नीट पाळलं गेलं नव्हतं. आईने काही न विचारता नवा थर्मास आणला.

थोरले घरी आले त्या संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून त्यांना बसवलं. इमारतीचे सेक्रेटरी नारळ घेऊन आले. एक थोरल्यांना आणि एक मला. सेवा, संस्कार आणि आजची पिढी यांवर ते बोलले. मित्र जिन्यात उभा राहून ऐकत होता; तो हसला नाही, पण निघूनही गेला नाही. मग थोरल्यांनी बोलायला घेतलं. मरणाच्या दारातून कसे परतले, डॉक्टरांनी कशी आशा सोडली होती, आणि ह्या पोराने कसं तारलं. हे शेवटचं सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, ऑपरेशन किती वेळ चाललं.

"चार तास," थोरले म्हणाले.

मी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर घड्याळाखाली बसलो होतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांना आत नेलं आणि पावणेबाराला बाहेर आणलं.