दुसऱ्या दिवसाचं रक्त

सुई हातात घेतली की रक्तवाल्या मावशींना घरच्या चौकशा सुचायच्या. "माहेर कुठलं गं? आज भाजी काय केलीस?" मेथी की पालक, हे आठवून सांगेपर्यंत नळी भरलेली असायची. आमच्या अंबडच्या लॅबमध्ये आलेल्या कितीतरी बायांनी त्यांना भाजी सांगितली असेल, पण टोचल्याची तक्रार कुणी केली नाही.

पाळीची तारीख मात्र त्या अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या. बायका मान खाली घालत, सोबतचे पुरुष मोबाइलमध्ये डोकं खुपसत. "लाजता काय? मी काय लग्नाचा मुहूर्त काढतेय?" मावशी म्हणायच्या.

माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. पाळीचा नेम नव्हता, केस मूठमूठ गळायचे आणि सकाळी अंथरुणातून उठणं जिवावर यायचं. सटाण्याकडच्या माझ्या सासूबाईंचं निदान तयार होतं: आळस. मलाही ते हळूहळू पटायला लागलं होतं, याचं आज वाईट वाटतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी थायरॉईड आणि हार्मोन्स तपासायला सांगितले.

आमच्याकडे चार दिवस उंबरठा ओलांडायचा नाही. म्हणून पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मी लॅबमध्ये हजर! मावशींनी माझ्या ओल्या केसांकडे पाहून कपाळाला हात लावला. "थायरॉईडला कुठलाही दिवस चालतो गं, पण या हार्मोन्सना दुसरा नाहीतर तिसराच लागतो. रक्ताला कुठला आलाय विटाळ?" मी सुईला भिणारी, म्हटलं, मग पुढच्या पाळीला सगळं एकदमच टोचा. पुढच्या खेपेलाही पाचवाच दिवस उजाडला, कारण सासूबाईंपुढे माझं तोंडच उघडेना. तेव्हा मावशी म्हणाल्या, "पाळी आली की फोन कर. मीच येते."

आणि खरंच आल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. सासूबाई दारातच आडव्या आल्या. "तिला शिवायचं नाय, बाई."

मावशी सरळ आत येऊन माझ्या चटईवर मांडी घालून बसल्या. "शिवले. रक्ताला विटाळ नसतो. आता मला कुठं बाहेर बसवता? मी बाहेरचीच आहे." माझं रक्त घेता घेता त्या सासूबाईंना न्याहाळत होत्या. "आई, थंडी सोसत नाही ना? अंग जड पडतं? झोप झोप होते?"

"व्हती बाई. माझी सासू म्हनायची, जल्माची आळशी हे."

"बाही वर करा बरं."

मावशींनी मला शिवलेलं असूनही सासूबाईंनी हात पुढे केला.

रिपोर्ट आले. दोघींचाही थायरॉईड मंदावलेला. सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजी आपण दोघीबी आळशी नव्हतो गं." मी त्यांच्या गळ्यात पडून रडले.

गेल्या वर्षी मावशी मुलाकडे मनमाडला निघाल्या. सासूबाईंनी त्यांना जेवायला बोलावलं आणि निघताना नारळ, तांदूळ, खण घेऊन ओटी भरायला पुढे झाल्या. मावशी झटकन मागे सरकल्या. "मला नको हो. आमचे मालक जाऊन दहा वर्षं झाली."

"रक्ताला विटाळ नाय म्हनली व्हतीस ना?" सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "मंग ओटीला कुठला? पदर पुढं कर."

मावशींनी पदर पसरला. आयुष्यभर प्रश्न विचारून दुसऱ्यांचं दुखणं विसरायला लावणाऱ्या त्या बाईला त्या दिवशी एकही प्रश्न सुचला नाही.